बुढ्यांच्या लाइनीतली नाकेदारीण

नाकेदारीणबाईंच्या खोलीत खाट नव्हती, मचाण होतं. चार कोपऱ्यांत रोवलेल्या सागाच्या चार बल्ल्या, त्यांवर बांबूची ताटी आणि चढायला एक शिडी. सत्तरीच्या घरातली ही बाई रोज दिवेलागणीला लुगड्याचा काचा घट्ट करून त्या शिडीनं वर जायची आणि उजाडलं की पाठमोरी खाली उतरायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वर धान्यबिन्य साठवलं असेल.

"वर काय ठेवलंय?" मी विचारलं.

"दिवसा गोधडी," त्या म्हणाल्या. "राती मी असतो."

तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी असतो, मी जातो’ असंच बोलतात. मी वर्ध्याची, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मचाणाचं.

"नाक्यावर सदा मचानावरच निजलो, पोरी. खाली इच्चू, साप, पावसाचं पानी. आता जमिनीवर निजलो का वाटते कोनी येऊन राह्यलं."

जंगलखात्याच्या गार्डला तिकडे नाकेदार म्हणतात. बाईंचा नवरा भामरागडच्या बाजूला नाकेदार होता. अख्खा संसार त्यांनी झाडांमध्ये, गवताच्या छपराखाली केला. जवळच्या माडिया गोंडांच्या पाड्यावरच्या बायका हाच शेजार, त्यामुळे गोंडी त्या मराठीइतक्याच सहज बोलायच्या. नवरा हिवतापानं गेला आणि मग त्या जंगलातून बाहेर आल्या. त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते कधी कोणी घेतलं नाही. सगळं नागभीड त्यांना नाकेदारीणबाईच म्हणायचं.

मी तेव्हा नागभीडच्या जनपद सभेच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच लागले होते. गावात मला कोणी खोली देईना. लग्न न झालेली, बाळंतपणं करणारी, वेळीअवेळी बाहेर पडणारी मुलगी कोणालाच घरात नको होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "स्टेशनामागं म्हाताऱ्यांची लाइन आहे. तिथं तीन खोल्या रिकाम्या आहेत. तुम्हाला चालत असेल तर बघा." मला न चालून सांगते कोणाला?

पोलीस लाइन म्हणतात तशी ही बुढ्यांची लाइन. लाकडाच्या एका ठेकेदारानं आपल्या मुनशींसाठी कौलारू खोल्यांची एक रांग बांधली होती. पुढे लांबच लांब ओसरी, मागे विहीर. ठेका संपला, मुनशी गेले. ठेकेदाराला मूलबाळ नव्हतं. मरण्याआधी त्यानं त्या खोल्या गावच्या पंचांच्या हवाली केल्या आणि सांगितलं, ज्या म्हाताऱ्या माणसांना आपलं आपण राहायचं असेल त्यांनी इथं राहावं. तो काही आश्रम नव्हता. कोणी कोणाला जेवू घालत नसे. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, चूल वेगळी. कोणाचं वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं होतं, कोणाला थोडी पेन्शन होती, कोणी दोर वळून विकायचं. मी गेले तेव्हा तिथे जाळी विणणारा एक म्हातारा ढिवर होता, एक रिटायर पोस्टमन होता, पाठीला बाक आलेल्या दोन विधवा बहिणी होत्या आणि नाकेदारीणबाई. पुढे शिंपीभाऊ आले.

गावातले लोक लाइनीबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. पोरांनी टाकलेली माणसं, असा एकूण सूर. तसं कोणी बाईंसमोर बोललं की त्या शांतपणे म्हणायच्या, "मले कोनी टाकलं नाई. मी सोताच निंघालो."

उजाडलं की बाई ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या आणि प्रत्येक दारावर थाप मारायच्या.

"का करता जी आज?"

म्हणजे, आज काय करणार? या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर चालत नसे. पोस्टमन एकदा चुकून म्हणाला, "काई नाई जी." त्याबरोबर, "मंग विहिरीचा दोर पाहा कुठी झिजला ते," असं सांगून बाई पुढच्या दारावर. दुसऱ्या दिवशीपासून पोस्टमन झोपायच्या आधीच उद्याचं काम ठरवून ठेवू लागला. मलाही सूट नव्हती.

"दवाखान्यात जाणार," मी म्हटलं.

"ते तं सरकारचं काम. तुहं का?"

चोवीस वर्षांच्या मुलीला हा प्रश्न विचारणारं त्याआधी कोणी भेटलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मागं अंबाडी लावते." मग लावावी लागली. ती चांगली वाढली आणि पाऊसभर लाइनीतल्या सगळ्यांनी तिची भाजी खाल्ली, अर्थात आपापल्या चुलीवर शिजवून.

दुसरा त्यांचा कायदा दुखण्याचा. दुखण्याची गोष्ट दुपारच्या जेवणानंतर करायची, आधी नाही. "सकायी सकायी गुडघ्याचं नाव घेतलं का तो दिवसभर आयकत बसते," असं त्यांचं म्हणणं. जेवणं झाली की मात्र त्या ओसरीवर पाय पसरून बसायच्या आणि ज्याला जे सांगायचं ते पूर्ण ऐकून घ्यायच्या. मध्ये बोलायच्या नाहीत, औषध सुचवायच्या नाहीत. बहुतेकांचं दुखणं तोवर निम्मं झालेलं असायचं.

शिंपीभाऊ आले ते चिमूरहून. बायको गेली होती. दुकान मुलांनी घेतलं होतं आणि हात थरथरायला लागल्यापासून मशीनवर त्यांना कोणी बसू देत नव्हतं. एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि कापड मोजायचा लोखंडी गज एवढं घेऊन ते आले. खोलीत शिरले, दार लोटलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कोणाशी बोलेनात. एकदा मी डोकावले तेव्हा चुलीत राखसुद्धा नव्हती. शेजारच्या बहिणी कुजबुजल्या, "हा बुढा उपाशी मराले आला हाय इथी."

बाईंनी थाप मारली. "का करता जी आज?"

आतून आवाज आला, "काई नाई."

"मंग मले गादी शिवून द्या. गोधडीनं पाठ टोचते."

"हात हालतेत माहे."

"हालू द्या. वाकडी शिवा. मी बी वाकडीच निजतो."

त्या सावरीच्या कापसाचं बोचकं आणि मांजरपाटाचा तुकडा त्यांच्या दारात टाकून निघून गेल्या. दोन दिवस बोचकं तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी ते आत गेलं. आठवड्याभरानं गादी दाराबाहेर आली आणि खरोखरच वाकडी होती. एका बाजूला कापूस गोळा झालेला, दुसरी बाजू पापडासारखी. कोणीही दुसरं माणूस असतं तर म्हणालं असतं, छान झाली हो. बाई दुसऱ्या दिवशी मचाणावरून उतरल्या त्या ओरडतच.

"कोनं शिवली रे बाप्पा ही गादी! डोकं चांद्याले आन पाय नागपूरले!"

त्या अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल अशा बोलत होत्या. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या गावातल्या बायकाही थांबल्या. मला त्यांचा राग आला. एका खचलेल्या माणसाशी कोणी असं वागतं का, असं मी म्हणणार एवढ्यात शिंपीभाऊंचं दार धाडकन उघडलं. ते बाहेर आले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आना ती इकडं," ते म्हणाले. "चिमुरात चाळीस वरसं दुकान चालवलं मी. कोनाची छाती नाई झाली असं बोलाची."

"मंग नीट शिवा ना."

त्यांनी गादी बाईंच्या हातातून ओढली, ओसरीवरच बसले आणि दातानं दोरा तोडून सगळी शिवण उसवली. दुपारी भूक लागल्यावर चुलीला जाळ घातला. ही गादी त्यांनी किती वेळा उसवली आणि शिवली मला ठाऊक नाही. शेवटी ती चांगली झाली का, तेही नक्की सांगता येणार नाही, कारण बाईंनी ती चांगली झाली असं कधी कबूल केलं नाही. पण शिंपीभाऊ त्यानंतर रोज ओसरीवर बसू लागले. बोलायचे मात्र फार थोडं. बाई बोलायच्या आणि ते ऐकायचे. तासन् तास. दोघांचं काय जमलं होतं कोण जाणे. भाताचं बी, माकडांचा त्रास, चिमूरच्या घोडायात्रेतली मिठाई, कुठलाही विषय चालायचा.

बाईंना आणखी एक नाद होता, गाडी पाहायचा. वडशाकडून येणारी गाडी यायच्या वेळी त्या स्टेशनात जाऊन बसायच्या. कोणी येणार नसायचं. कोण उतरलं, कोणाच्या पायात काय आहे, कोण घाबरलंय, एवढंच त्या बघायच्या. गडचिरोलीपलीकडच्या जंगलातून कोणाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर आधी पायी किंवा बंडीनं, मग डोंग्यानं नदी पार करून वडसा गाठायचं आणि नागभीडला गाडी बदलायची. पावसाळ्यात वडशाची गाडी उशिरा यायची आणि नागपूरची निघून गेलेली असायची. मग ती माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत फलाटावर भिजत बसायची.

एका श्रावणात त्या अशाच स्टेशनातून परत आल्या, त्या एक माडिया माणूस आणि त्याची बायको घेऊन. अस्वलानं त्या माणसाचा खांदा फाडला होता. पानं आणि चिंध्यांनी बांधलेली जखम चिघळली होती. भामरागडहून निघून त्यांना किती दिवस झाले होते ते त्यांनाही सांगता येईना. मराठी दोघांनाही येत नव्हतं. बाई त्यांच्याशी गोंडीत बोलत होत्या आणि ती बायको बाईंच्या दंडाला असं धरून चालत होती जसं आईला धरावं.

मी जखम धुतली, बांधली. बाईंनी त्यांना शेवटच्या रिकाम्या खोलीत नेलं. पाऊस असा लागला होता की साऱ्यांचं सरपण भिजलं होतं. फक्त शिंपीभाऊंनी खाटेखाली थोड्या काटक्या ठेवल्या होत्या. म्हणून त्या दिवशी लाइनीत एकच चूल पेटली, त्यांची. बाईंनी सगळ्यांकडून मूठमूठ तांदूळ घेतले आणि मोठ्या गंजात पेज शिजवली. आधी त्या दोघांना दिली. गंजात पुष्कळ उरली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लाइनीत कोण कोणाच्या हातचं खातं आणि कोण खात नाही हे सगळ्यांना पाठ होतं. कोणी त्यावर भांडत नसे, पण कोणी विसरतही नसे. बाई कोणाला काही म्हणाल्या नाहीत. आपली वाटी भरून घेतली आणि दाराशी बसून पिऊ लागल्या. ढिवरबुवांनी घेतली. पोस्टमननं इकडेतिकडे पाहून घेतली. मीही घेतली. दोन्ही बहिणी आपल्या दारात उभ्या होत्या.  मग थोरली बहीण पुढे आली, वाटी भरून घेऊन परतली, आणि थोड्या वेळानं तिच्या खोलीतून आवाज आला, "मीठ कमी हाय जी."

तो माणूस नागपूरला पोचला. महिन्याभरानं तोच रस्ता धरून परतही आला, हात वर होत नव्हता पण जिवंत होता. त्यानंतर फलाटावर अडकलेली माणसं आपण होऊन लाइन शोधत यायला लागली. कोणी सांगितलं म्हणाल तर जंगलात बातमी कशी जाते ते मला नाही माहीत. शेवटची खोली पाहुण्यांची झाली. बहिणी पेज करायच्या. पोस्टमन त्यांना तिकीट काढून द्यायचा, डब्यात बसवायचा आणि नागपूरला उतरून कुठे जायचं ते घोकून घ्यायचा. ढिवरबुवा बोडीतून, म्हणजे गावच्या तळ्यातून, मासे आणायचे. शिंपीभाऊ फाटक्या कपड्यांना टाके घालायचे. सकाळी बाई दार ठोकायच्या तेव्हा आता उत्तरासाठी कोणाला विचार करावा लागत नव्हता.

हे पंचांना समजलं. पंचांत एक राइस मिलचे मालक होते, आवाज मोठा आणि माणूस तसा वाईट नाही. ते एक दिवस आले आणि ओसरीवर उभे राहून म्हणाले, "बाई, ह्या खोल्या बुढ्यांसाठी हायेत. येनाऱ्या-जानाऱ्यासाठी नाई. उद्या जंगलातला कोनी इथी मेला तं जिम्मेदार कोन?"

"मेला तं मानूसच मरन ना जी?"

"तुमच्याशी वाद घालाले नाई आलो मी." त्यांनी शेवटच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून गेले.

बाईंनी वाद घातला नाही. पुढची माणसं आली ती त्यांनी आपल्या स्वतःच्या खोलीत ठेवली आणि आपण बहिणींकडे झोपायला गेल्या. जमिनीवर त्यांना झोप लागत नसे, सकाळी डोळे सुजलेले असायचे. हे दोनतीनदा झाल्यावर शिंपीभाऊंनी न बोलता आपली वळकटी उचलली आणि पोस्टमनच्या खोलीत नेऊन टाकली. "त्याइले माह्या खोलीत ठेवा," म्हणाले. मग पाळीच लागली. मी माझीही खोली दिली.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण त्याच दिवाळीच्या आधी एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन लाइनीत आली आणि म्हणाली, "मले खोली पाह्यजे." ती राइस मिलवाल्यांची आई होती. सुनेशी बिनसलं होतं. घटकाभरानं पंच धावत आले. त्यांना घाम आला होता.

"आई, घरी चाल. लोक का म्हनतीन?"

"नाई येत. ह्या बाईले पोरगा हाय तरी राह्यते ना? मी बी राह्यतो."

पंचांनी बाईंकडे पाहिलं. बाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोली तं एकच रिकामी हाय जी. आन तिची चाबी तुमच्यापाशी हाय."

म्हातारी त्या खोलीत होळीपर्यंत राहिली. मग सुनेशी समेट होऊन घरी गेली. तोवर मात्र तिला एकटीला झोप लागत नसल्यानं पाहुणे तिच्याच सोबतीला झोपायचे. जंगलातल्या बायकांशी ती मराठीत बोलायची, त्या तिच्याशी गोंडीत बोलायच्या आणि दोघींचं उत्तम चालायचं. ती गेल्यावर कुलूप लावायचा विषय कोणी काढला नाही.

बाईंना पोरगा होता हे मला तेव्हा कळलं. चांद्याला कोर्टात कारकून. काळा कोट, टोपी, बोलणं शुद्ध. तो पहिल्यांदा आला तेव्हा आईच्या पाया पडला आणि ओसरीच्या कडेला रुमाल पसरून बसला.

"आई, लोक नावं ठेवतात मला."

"ठेवू दे. एक हाय, आनखी दोन होतीन."

तो हसला नाही. त्याला खरंच लागलं होतं. आई म्हाताऱ्यांच्या लाइनीत राहते, हे त्याला कचेरीत ऐकावं लागत होतं. तो गेला आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा आला. या वेळी त्यानं लोकांचं नाव काढलं नाही.

"तू आजारी पडलीस तर कोण पाहील तुला?"

"सरकारी नर्स दाराशी ठेवली हाय मी. तुह्या घरी हाय का?"

मी आत भाजी चिरत होते. मला हसू आलं आणि हसतच मी बाहेर आले. मुलाचे डोळे भरले होते.

"माझ्या घरी तुला काय कमी आहे, आई?"

 बाई हळू बोलल्या, भांडल्यासारखं नाही. "काईच कमी नाई, बापू. सून चांगली हाय. मी झाडू घेतला का म्हनते, बसा. गंज घासाले घेतला का म्हनते, बसा. मी वरसभर बसलो तुह्या घरी. तिथी मी पाहुनी हाय. पाहुन्यानं किती दिवस राहाव?"

तो गेल्यावर त्या दुखण्याचा कायदा मोडून सकाळचंच बोलल्या. मुलगा लहान असतानाच त्यांनी त्याला शिकण्यासाठी चांद्याला मामाकडे ठेवलं होतं. जंगलात शाळा कुठली? "दिवाळीले यायचा तं पाहुन्यावानीच यायचा. पह्यल्या दिवशी लाजायचा माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "लाज जाये तवा जाची येळ येये." एवढं बोलून त्या स्टेशनात निघून गेल्या. गाडीला अजून पुष्कळ अवकाश होता.

तिसऱ्यांदा तो आला तो एका थंडीच्या दुपारी. टोपी नव्हती. कोट चुरगळलेला. शिंपीभाऊ ओसरीवर सुईत दोरा ओवत होते, मी नुकतीच दवाखान्यातून आले होते. तो आमच्याशी न बोलता सरळ आईच्या खोलीत गेला. बाई वर मचाणावर पडल्या होत्या. दार उघडंच होतं आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आई," तो खाली उभा राहून म्हणाला, "हिला विषमज्वर झालाय. उठता येत नाही. मी चुलीशी बसतो, भात करपतो. धाकटी रात्रभर रडते. मला नाही जमत, आई. तू ये."

 शिंपीभाऊंचा हात सुईपाशी थांबला. मला वाटलं, ही आता काहीतरी तोडून बोलणार आणि या माणसाला ते सोसणार नाही. मग शिडी करकरली. बाई खाली उतरल्या, पदर खोचला, आणि विचारलं, "गाडी कवा हाय?"

मुलगा लहान पोरासारखा रडला. बाईंनी त्याला रडू दिलं आणि तोवर आपलं गाठोडं बांधून घेतलं. बाहेर येऊन त्या शिंपीभाऊंसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, मी जाऊन राह्यलो. सकायची दारं तुमी पाहा."

"मले बोलता येत नाई, बाई. तुमाले मालूम हाय."

"ठोकता येते ना?"

आणि त्या गेल्या. किती दिवसांसाठी, ते कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर लोखंडाचा टणटण आवाज झाला. उघडून पाहते तर शिंपीभाऊ, हातात कापड मोजायचा गज. ते काही विचारेनात, नुसते उभे. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच सांगून टाकलं, आज काय करणार ते. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दाराशी गेले. सगळ्यांचं तसंच झालं. बाईंना एखादं खोटं सांगून निभावता यायचं, या मुक्या माणसाला नाही. पोस्टमन म्हणाला, "ह्याच्यापेक्षा ती बरी होती जी. ती निदान वरडून मोकळी होये."

शिंपीभाऊ गाडीवरही जाऊ लागले. गोंडीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. अडकलेली माणसं दिसली की ते हात जोडून "जोहार" म्हणायचे आणि लाइनीकडे बोट दाखवायचे. लोक त्यांच्या मागून यायचे. पेज शिजायची, तिकिटं निघायची. माघ असाच गेला.

बाई पुढे लाइनीतच वारल्या, पण तेव्हा माझी बदली झाली होती आणि मी ते पाहिलेलं नाही. मुलगा आणि सून दोघंही शेवटी जवळ होते, एवढं मला समजलं. मला त्या आठवतात त्या परत आल्या त्या दिवशीच्या.

फाल्गुन लागला होता. रुळांच्या दोन्ही बाजूंनी पळस फुलले होते. त्यांनी येत असल्याचं कोणाला कळवलं नव्हतं. दुपारी चांद्याकडची गाडी आली आणि थोड्या वेळानं ओसरीसमोर दोन बायका उभ्या. एक आमच्या नाकेदारीणबाई. दुसरी त्यांची सून, वाळलेली, डोक्यावरचे केस तापानं गेलेले, पण उभी. आजारातून उठल्यावर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, ती सासूला पोचवायला.

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. "राहू दिलं नाही का त्यांना?" मी विचारलं आणि विचारल्यावर वाटलं, असं विचारायला नको होतं.

"मी पाय धरले त्यांचे," ती म्हणाली. "म्हटलं, आता जाऊ नका. पोरी त्यांना सोडत नव्हत्या. तर म्हणाल्या, आता तू उठली ना. मंग माहं इथी का काम?"  "मी त्यांना आधी नुसतं बसवून ठेवत होते. मला वाटायचं, त्यालाच सेवा म्हणतात."

बाहेर बाई ओसरीवरून चालत एकेक खोली पाहत होत्या. शेवटच्या खोलीत कोरचीकडचं एक कुटुंब उतरलं होतं, लहान पोरीच्या डोळ्याचं दुखणं होतं. बहिणींचा गंज चुलीवर होता. विहिरीला नवा दोर लागला होता. पोस्टमन तिकिटं आणायला गेला होता. अंबाडी कोणीतरी वेळेवर काढून वाळवून ठेवली होती. बाईंनी सगळं पाहिलं. मी दारातून त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कसंसंच झालं. चांद्याला आता त्यांचं काम नव्हतं. इथेही कुठे काही अडलं नव्हतं. गाठोडं अजून काखेतच होतं. ते खाली ठेवावं की नाही, हे ठरत नसल्यासारख्या त्या उभ्या होत्या.

शिंपीभाऊ खांबाला टेकून बसले होते. ते उठले.

"बरं झालं आल्या," ते म्हणाले.

"काऊन? काई बिघडलं का?"

"नाई."

"कोनाचं काई अडलं?"

"नाई जी. काईच नाई अडलं. सारं बराबर चालून राह्यलं."  मी त्यांना एका वेळी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "पन बोलाले कोनी नवतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गाठोडं ओसरीवर ठेवलं, त्याला टेकून बसल्या, पाय पसरले आणि म्हणाल्या, "चांद्याच्या बाजारात वांग्याचा का भाव हाय मालूम हाय का तुमाले?"

"नाई," शिंपीभाऊ म्हणाले आणि समोर बसले.